पैसे कायदेशीर झाले, म्हणून जुनी भरती स्वच्छ होत नाही

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांत सध्या एक युक्तिवाद जोरात फिरतोय. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, म्हणजे जाहिराती वगैरेंचे, पैसे उघडपणे घेता येतात. मग पूर्वी शाळकरी मुलांना पैसे देऊन संघात ओढलं म्हणून एनसीएएने, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम चालवणाऱ्या संस्थेने, कॉलेजांना दिलेल्या शिक्षा हा निव्वळ अन्याय होता. सगळेच देत होते, सापडले ते कमनशिबी, आणि नुकसान तर कुणाचंच झालं नाही. माजी खेळाडू रेजी बुशला हाईझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा पुरस्कार, परत मिळाली, आता बाकीच्यांचे डागही पुसा.

बुशचं आधी संपवू. त्याचं प्रकरण भरतीचं, म्हणजे शाळकरी मुलांना संघात ओढण्याचं, नव्हतंच. यूएससी या कॉलेजात खेळत असताना एजंट होऊ पाहणाऱ्या लोकांकडून त्याने आणि त्याच्या घरच्यांनी लाभ घेतले, हा तो आरोप होता. शिवाय एप्रिल २०२४ मध्ये ट्रॉफी परत दिली ती हाईझमन ट्रस्टने. एनसीएएने रद्द केलेले विजय तिच्यासोबत परत आले नाहीत.

‘सगळेच देत होते’ हे ऐकलं की मला टेक्सासमधलं टीसीयू हे कॉलेज आठवतं. १९८५ मध्ये तिथले कोच जिम वॅकर यांना कळलं की आपल्या काही खेळाडूंना कॉलेजचे धनिक पाठीराखे, म्हणजे बूस्टर, पैसे देत आहेत. त्यांत संघाचा सर्वांत मोठा खेळाडू केनेथ डेव्हिसही होता. सीझन नुकताच सुरू झाला होता. वॅकरनी त्या खेळाडूंना संघाबाहेर काढलं आणि एनसीएएला स्वतःहून कळवलं. तरी टीसीयूला कडक शिक्षा झाली, आणि ती मला आजही खटकते. पण ‘सगळेच’ म्हणताना या माणसाला त्यात कोंबू नका.

त्याच राज्यात, त्याच काळात एसएमयू या कॉलेजने काय केलं ते पाहा. १९८५ मध्येच त्यांना भरतीतल्या गैरप्रकारांसाठी शिक्षा झाली होती. त्यानंतरही एका बूस्टरच्या पैशांतून १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१,००० डॉलर दिले गेले. आणि हे चोरून कुणा फुटकळ माणसाने केलेलं नव्हतं. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख राहिलेले बिल क्लेमंट्स यांनी मार्च १९८७ मध्ये कबूल केलं की, ज्यांना शब्द दिलाय त्यांचे पैसे चालू ठेवा, हे वरच ठरलं होतं. कबुली दिली तेव्हा ते टेक्सासचे गव्हर्नर होते! २५ फेब्रुवारी १९८७ रोजी एनसीएएने एसएमयूचा १९८७ चा संपूर्ण सीझन रद्द केला. पुढचा कॉलेजने स्वतःच सोडला. ही शिक्षा सगळे करतात ते केल्याची नव्हती. पकडलं गेल्यावर, सुधारतो म्हणून सांगून, पुन्हा तेच केल्याची होती.

नुकसान कुणाचंच झालं नाही? १९८९ मध्ये एसएमयू मैदानात परतलं ते बहुतांशी नवख्या पोरांना घेऊन. ह्यूस्टनने त्यांना ९५-२१ असं तुडवलं. त्या मुलांनी एक डॉलरही घेतला नव्हता. भरतीचे नियम फक्त पैशांचे नसतात, हेही इथे विसरलं जातं. लुईव्हिल विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात एका कर्मचाऱ्याने भरतीसाठी आलेल्या शाळकरी मुलांसमोर वसतिगृहात नग्ननृत्याच्या पार्ट्या घडवल्या. त्यापायी २०१३ चं विजेतेपद २०१८ मध्ये रद्द झालं. आजच्या कोणत्या कायद्याने हे चालेल, सांगा.

आणि उघड पैशांनी सगळं सुरळीत झालं असंही नाही. जेडन रशाडा हा क्वार्टरबॅक (संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू) शाळेत असतानाच फ्लोरिडा विद्यापीठासाठी त्याच्याशी सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार झाला. तो फिसकटला, मुलगा तिथे खेळलाच नाही, आणि मे २०२४ मध्ये त्याने फ्लोरिडाच्या कोचसह काहींवर फसवणुकीचा दावा लावला. पूर्वी नोटांचं पाकीट तरी हातात पडायचं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला कोण, काय, कशाच्या जोरावर कबूल करतो यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं, एवढंच मी म्हणतोय.

शिक्षांविरुद्धचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे: शिक्षा चुकीच्या माणसांवर पडते. २०२३ मध्ये टेनेसी विद्यापीठात दोनशेहून जास्त नियमभंग सिद्ध झाले, तेव्हा एनसीएएने सध्याच्या खेळाडूंचे पोस्टसीझन (सीझननंतरचे मोठे) सामने न हिरावता ८० लाख डॉलरचा दंड आणि माजी कोच जेरेमी प्रूइटवर कॉलेजांत काम करण्याबाबत सहा वर्षांची बंधनं असा मार्ग धरला. हे योग्य वळण होतं. पण कोच कॉलेज सोडून व्यावसायिक लीगमध्ये गेला की एनसीएएही हात टेकते. कोविडकाळात बंदी असताना भरतीसाठी मुलांना भेटल्याबद्दल आणि मग तपासात सहकार्य न केल्याबद्दल मिशिगन विद्यापीठाचे माजी कोच जिम हार्बॉ यांच्यावर चार वर्षांची बंधनं आली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. ते जानेवारीतच लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाचे कोच झाले होते.