गाणी किती मावतात, एवढंच?

ॲपलचा आयपॉड भारी की मायक्रोसॉफ्टचा झून, खिशातल्या या दोन जुन्या म्युझिक प्लेअरचा वाद निघाला की माझं डोकंच उठतं. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ जीबी, २००६ च्या झूनमध्ये ३० जीबी, पडदा केवढा, रंग कोणता... अरे, पण वाजतं कसं ते बोला ना! सलग गायलेला ख्याल दोन ट्रॅकमध्ये कापलेला असतो. सुरुवातीच्या आयपॉडवर विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्येच क्षणभर शांतता, तानपुरासुद्धा तुटायचा! रंगलेल्या रागाचा पार विचका. आयपॉडमधली ही फट बुजायला २००६ उजाडलं. पाच वर्षं! तरी तुलनेच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. बॅटरीचे तास मात्र सगळ्यांना तोंडपाठ. गाणं ऐकता की नुसतं मोजता रे?