हाताच्या ऑपरेशननंतर ‘दीड महिना बोट हलवू नका’? अजिबात नाही

मराठवाड्यात विळा, कोयता, कडबाकुट्टी आणि मळणीयंत्र वर्षभर हात कापतात. अशा घरांत एक मेसेज हमखास पोचतो: “रक्त पातळ करायच्या गोळ्या आठ दिवस आधी बंद करा. ऑपरेशननंतर दीड महिना हात गळ्यात बांधा, बोट हलवू नका. आंबट, वांगं, भात बंद. जखमेवर हळद-तेल लावा. महिन्यात बोटाला जाण आली नाही तर ऑपरेशन फसलं. तुटलेलं बोट बर्फात टाकून न्या.” यातलं एकही वाक्य जसंच्या तसं पाळू नका. सर्वांत जास्त हात अधू करतं ते दुसरं वाक्य, म्हणून आधी तेच.

“दीड महिना बोट हलवू नका.” बोट वळवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) एका अरुंद बोगद्यातून सरकते. शिवलेली कंडरा भरून येताना आजूबाजूलाही चिकटते. हालचालच नसेल तर ती सांधते, पण सरकत नाही. बोट आखडतं आणि सोडवायला दुसरं ऑपरेशन लागू शकतं. म्हणून बहुतेक सर्जन ३ ते ५ दिवसांत व्यायाम सुरू करतात. नेहमीची पद्धत अशी: स्प्लिंट (हाताला आधार देणारी कडक पट्टी) न काढता दुसऱ्या हाताने एकेक सांधा हलकेच तळव्याकडे वाकवायचा, मग बोट आपणहून स्प्लिंटला टेकेपर्यंत सरळ करायचं. १० वेळा, जागेपणी दर तासाला. सांगितल्याशिवाय स्वतःच्या जोराने मूठ आवळायची नाही, पाण्याचा तांब्याही उचलायचा नाही. पहिले ३ आठवडे शिवण कच्ची असते. ‘पकड आली का बघू’ म्हणून जोर लावला की तुटते. स्प्लिंट साधारण ६ आठवडे. बादली, खुरपं, मोटारसायकलचा क्लच १२ आठवड्यांनंतर.

याच्या उलट, बोटाचं टोक लोंबत असेल तर शेवटचा सांधा ६ ते ८ आठवडे अखंड सरळ ठेवावा लागतो. मध्येच एकदा वाकला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून दवाखान्यातून सुट्टी घेताना कोणता सांधा बंद आणि कोणता मोकळा, हे कागदावर लिहून घ्याच.

हात सतत गळ्यात ठेवला तर तो हृदयाच्या खाली राहून सुजतो, शिवाय खांदा धरतो. पहिले काही दिवस झोपताना हात दोन उशांवर ठेवा, आणि दिवसातून तीन-चारदा डोक्यावर न्या. प्लास्टिकचा स्प्लिंट गरम पाण्यात मऊ करून घडवलेला असतो. मे महिन्यात तो उन्हातल्या गाडीत ठेवला तर आकार बिघडतो.

“गोळ्या बंद करा.” हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवलेल्या माणसाने हे परस्पर केलं तर जीव जाऊ शकतो. हा निर्णय डॉक्टरांचा. तुम्ही बंद करायचं ते तंबाखू, गुटखा, मशेरी. निकोटिनने बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. अंगठी घरीच काढा, हातावरचे केस ब्लेडने काढू नका. बारीक चिरांतून जंतू शिरतात.

“आंबट बंद.” आंबटाने पू होत नाही, जंतूंनी होतो. जखम भरायला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं: वरण, अंडी, मटकी, पेरू, लिंबू. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी.

“हळद-तेल.” डब्यातली हळद निर्जंतुक नसते. टाके कोरडे ठेवा.

“जाण नाही म्हणजे फसलं.” शिवलेली नस (स्पर्शाची जाण पोचवणारा मज्जातंतू) दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मनगटाशी तुटली असेल तर बोटाच्या टोकाला जाण यायला सहा महिने किंवा जास्तही लागू शकतात. तोवर चूल, तवा, गरम चहाचा पेला यांपासून ते बोट जपा. भाजलेलं कळणार नाही. पण बोट पांढरं-निळं पडलं, पट्टी आवळून ठणका वाढला, ताप किंवा पू आला तर रात्र काढू नका, तडक दवाखाना गाठा.

“बर्फात टाका.” थेट बर्फाने पेशी मरतात आणि बोट जोडण्यासारखं राहत नाही. स्वच्छ पाण्याने धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. हातावर सुतळी बांधू नका. जखम कापडाने दाबून हात वर धरा. निघण्याआधी फोन करून विचारा, तिथे बोट जोडणारा सर्जन आत्ता हजर आहे का.