क्यूआर कोड ऐकू येत नाही

पॉडकास्टवर पैसे मागताना लाज वाटते हे खरंय, पण लाज नंतरची गोष्ट, पहिली अडचण अशी की क्यूआर कोड ऐकू येत नाही. पानठेल्यावर, तर्री पोह्याच्या गाडीवर कोड टांगलेला असतो, माणूस फोन काढतो, टुंग वाजतं, विषय संपला. आमचा श्रोता मात्र हेल्मेट घालून वर्धा रोडनं मिहानला चाललेला असतो आणि मी त्याच्या कानात यूपीआय आयडी सांगत असतो, "सगळं लहान अक्षरात हं, मग डॉट, डॉट म्हणजे टिंब, मग ॲट, मग बँकेचं ते..." तोवर अजनी चौक मागे पडलेला असतो आणि आमचे पैसेही.

आम्ही म्हणजे मी आणि माझा पार्टनर. जुन्या नागपूरवर पॉडकास्ट करतो, महाल, इतवारी, भोसल्यांचे वाडे, मारबत, असलं. ऐकणारे बऱ्यापैकी आहेत. जाहिरातीसाठी एक फर्निचरवाले भाऊ जवळजवळ तयार झाले होते, पण शेवटी त्यांनी विचारलं, "यात सोफा दिसेल कुठे?" त्या दिवसापासून ठरलं की श्रोत्यांकडेच मागायचं, ऐच्छिक, ज्याला वाटेल त्यानं द्यावं.

पार्टनर जोरात होता. म्हणे, "लोकं खर्र्याचे पैसे देऊन राहिले बे, आपल्याला काऊन नाही देणार?" मग त्यानं अभ्यास केला. पॅट्रिऑन, म्हणजे चाहत्यांकडून कलाकाराला दर महिन्याला पैसे मिळवून देणारी वेबसाइट, म्हणे २०१३ मध्ये जॅक कॉन्टी नावाच्या एका संगीतकारानंच काढलं, कारण खर्च करून व्हिडिओ बनवायचा आणि जाहिरातीतून चिल्लर यायची. म्हणजे दुखणं आपलंच, फक्त औषध डॉलरमध्ये. आता नवीन आलेल्या कलाकाराच्या कमाईतून ते दहा टक्के कापतात, वर पैसे वळते करायची फी वेगळी, आणि श्रोता आयफोनच्या ॲपमधून आला तर ॲपलचे तीस टक्के. यूट्यूबवर सुपर चॅट घ्या, म्हणजे लाइव्ह चालू असताना लोकांनी पैसे देऊन टाकलेला मेसेज, तिथेही तीस टक्के यूट्यूबचे. हे सगळं ऐकून आई एवढंच म्हणाली, "मधल्यामधे बरं आहे की यांचं."

मला मात्र ॲडम करीचं फार कौतुक वाटलं. एमटीव्हीवर निवेदक होता, पॉडकास्टच्या जन्मापासून या धंद्यात आहे, २००७ पासून जॉन ड्वोरॅकसोबत 'नो अजेंडा' चालवतोय आणि एकही जाहिरात घेत नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे, तुम्हाला आमच्या कार्यक्रमातून जेवढं मिळालं असं वाटतं तेवढं परत करा, पैशानं नाहीतर वेळ देऊन नाहीतर काही काम करून. आणि हजार डॉलर पूर्ण झाले की तो श्रोत्याला चक्क 'सर' करतो. हे ऐकून पार्टनरचे डोळे चमकले. आपणही पदव्या देऊ म्हणाला.

तर आमचे टियर, म्हणजे वर्गणीचे दर्जे, असे ठरले: महिन्याला ४९ रुपयांचा पोहा, ९९ चा तर्री आणि ४९९ चा सावजी. (खर्रा, म्हणजे आमच्याकडचा सुपारी-तंबाखूचा माल, त्या नावाचा टियर आईनं हाणून पाडला.) पहिला सावजी मेंबर आला तेव्हा आम्ही दोघं अक्षरशः नाचलो. संध्याकाळी त्यांचा फोन, "भाऊ, पार्सल घरी येईल का तिथं येऊन जेवायचं? आणि मटण आहे का चिकन?" त्यांना सांगितलं की काका, यात तुम्हाला एपिसोड दोन दिवस आधी ऐकायला मिळेल. बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "दोन दिवस उशिरा ऐकलं तर किती परत द्याल?"

दर महिन्याचे पैसे आपोआप यावेत म्हणून ऑटोपे लावलं, आणि इथं खरी गंमत आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी माणसाला कळवायचं. नियम चांगलाच आहे, ग्राहक म्हणून मला पटतोच. पण आमच्या बाजूनं बघा ना, जो बिचारा आम्हाला पैसे देतोय हे विसरून सुखात जगत असतो, त्याला दर महिन्याला बरोबर आदल्या दिवशी मेसेज जातो की उद्या तुमचे नव्व्याण्णव रुपये जाणार बरं का, विचार करा. आणि लोक विचार करतात. अमेरिकेतल्या पॉडकास्टवाल्यांचा निम्मा संसार लोकांच्या विसरभोळेपणावर चालत असेल असा मला दाट संशय आहे, आपल्याकडे ती सोय नाही. मित्रांना यूपीआयवरून कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे पैशाची मागणी, टाकून लाजवायचं म्हटलं तर तेही १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद. फसवणूक फार व्हायची म्हणून. आता मित्रांना तोंडानंच लाजवावं लागतं आणि आमचे मित्र लाजत नाहीत.

जे येतात ते रुपये-रुपये येतात. लोक एक रुपया पाठवतात आणि खाली नोटमध्ये आपलं मत लिहितात. "कूलरचा आवाज येऊन राहिला." एक रुपया. "पिवळ्या मारबतीवर कमी बोलले." एक रुपया. "कूलर अजून चालूच आहे." पुन्हा एक रुपया, तोच माणूस. ॲडम करीच्या मंडळींनी बिटकॉइनचे बारीक बारीक तुकडे आणि सोबत संदेश पाठवायची सोय केली, त्याला बूस्टाग्राम म्हणतात, त्यासाठी वेगळं ॲप, वेगळं वॉलेट. नागपूरकरानं तेच काम एका रुपयात आणि जास्त अपमान करून दाखवलं.

आणि कूलरचं काय करणार सांगा. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा, दारं बंद, अंगावर गोधडी घेऊन रेकॉर्डिंग (आवाज घुमू नये म्हणून घ्यावी लागते), त्यात कूलर बंद केला तर एपिसोडऐवजी श्रद्धांजलीच रेकॉर्ड करावी लागेल.

वर नावं वाचायचा घोळ. पैसे देणाऱ्यांचे आभार मानायचे तर एक म्हणतो नाव घेऊच नका, बायको ऐकते, दुसऱ्यानं ५१ रुपये पाठवून सोबत अख्ख्या घराची यादी पाठवली, त्यात भाच्याचा वाढदिवस आणि नवीन दुकानाचा पत्ता. आमच्या समोरचे काका तर रोज गेटवर थांबवून एपिसोडची तारीफ करतात, ऐकलेलं सगळं परत मलाच सांगतात, पण पैशाचं निघालं की, "अरे फुकट आहे म्हणून तर ऐकतो!" हेच काका गणपतीत पाचशे एकची पावती फाडतात आणि वर विचारतात, बास ना?

म्हणजे माणूस द्यायला तयार असतो, फक्त त्याला दारात उभं राहून कोणीतरी मागावं लागतं. आणि आमच्या गल्लीत दारात उभं राहण्यात आईचा हात धरणारं कोणी नाही, मंडळाचं पावतीपुस्तक कित्येक वर्षं तिच्याचकडे आहे. मी त्या दिवशी मायक्रोफोनसमोर घाम पुसत "आपल्याला शक्य असेल तर, अर्थात सक्ती नाही, पण जर वाटलंच" असं अडखळत होतो, ती चहा ठेवायला आली, म्हणाली, "हे काय रडून राहिलास, सरक." आणि माइकमध्ये सरळ बोलली, "मी याची आई. ऐकता ना सगळे? मग द्या की. पोरं घामाघूम होऊन राहिली इथं. आयडी खाली लिहिला आहे, गाडी बाजूला लावून बघा."

पार्टनर म्हणाला काही कापू नको, असंच जाऊ दे.

त्या आठवड्यात जेवढे आले तेवढे आधी कधीच आले नव्हते. समोरच्या काकांचेही आले, एकशे एक, नोटमध्ये "वहिनींना नमस्कार". रुपयावाल्यानं या वेळी चक्क अकरा पाठवले, खाली लिहिलं, "काकूंना कूलरसमोर बसवा, त्यांचा आवाज कूलरच्या वर जातो." आता प्रत्येक एपिसोडला मागणीचा भाग आईच बोलते, आणि पॅट्रिऑन-ॲपलचं सगळं गणित तिच्या बरोबर लक्षात राहिलंय. काल हिशेबाला बसलो तर चष्मा लावून समोर येऊन बसली. म्हणाली, ते ॲपलवाले तीस घेतात ना, मी घरची आहे, मला पंचवीस चालतील.