खटॅक

तीन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहूनच टाकतो. रविवारी बायकोच्या माहेरच्या गोतावळ्याचं गेट-टुगेदर होतं आणि तिथे ३२ माणसांसमोर उभं राहून मी तोंडाने 'खटॅक' असा आवाज काढला. एकदा नाही, अकरा वेळा. आणि त्यावेळी हातात माझ्या आयुष्यातला सगळ्यात महागडा कॅमेरा होता.

मागची कथा थोडक्यात. सतरा-अठरा वर्षं डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला मोठा कॅमेरा वागवला. बॉडी जवळजवळ किलोची, २४-७० लेन्स तेवढीच, लांबचं टिपणारी ७०-२०० दीड किलोच्या आसपास, वर फ्लॅश, चार्जर आणि 'असू दे' म्हणून घेतलेल्या पण कधीच न लागलेल्या वस्तू. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला. फिजिओथेरपिस्टने खांदा बघायच्या आधी बॅग उचलून बघितली आणि काही न बोलता परत खाली ठेवली. तिथेच ठरलं. बॉडी विकली, मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगितलं की निम्मे लोक मूळ विषय सोडून 'ती कशाला घेतलीस, ही घ्यायची होती' वर येतात.

खरं तर हे माझ्याच कर्माचं फळ आहे. २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला, आरसा काढून टाकलेला, छोटासा, तेव्हा 'हे खेळणं आहे' असं सांगत फिरणाऱ्यांत मी आघाडीवर होतो. २०१३ मध्ये सोनीने फुल फ्रेममध्ये, म्हणजे फोटो टिपणारी चिप जुन्या फिल्मच्या चौकटीएवढी असलेल्या कॅमेऱ्यात तेच केलं, तेव्हाही मी मान हलवली. मग २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघांनी पंधरा दिवसांच्या आत आपापले फुल फ्रेम मिररलेस जाहीर केले, तेव्हा मात्र मी हा विषय काढणंच बंद केलं. म्हणजे मत बदललं नाही, फक्त आवाज बंद केला. आवाज बंद करणं या प्रकाराशी माझा संबंध तेव्हापासूनचा आहे म्हणायचा.

तर रविवार. हॉलमध्ये शिरलो, पिशवीतून कॅमेरा काढला आणि बायकोचे एक लांबचे काका समोर उभे. वय ऐंशीच्या आसपास, कडक इस्त्री, आवाज खणखणीत. दरवर्षी ग्रुप फोटोत मधली खुर्ची त्यांचीच असते आणि दरवर्षी माझा जुना कॅमेरा बघून ते बाजूच्या माणसाला 'बघा, आमच्या जावयांचा कॅमेरा' असं सांगायचे. लोक बाजूला सरकून वाट द्यायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

"जावईबापू, यंदा मोठा नाही आणलात?"

"हाच मोठा आहे काका. नवीन घेतलाय."

त्यांनी हात पुढे केला. मी दिला. त्यांनी तो तळहातावर ठेवून दोनदा वरखाली केला, कानाशी नेऊन हलवून बघितला. "आत काही आहे का?"

"मिररलेस आहे काका. यात आरसा नसतो."

"कुणी काढून घेतला?"

"कुणी नाही, मुळातच नसतो. जुन्यात लेन्समधून येणारं चित्र तिरक्या आरशावरून वर जायचं आणि आपल्याला दिसायचं. यात सरळ सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर पडतं आणि तिथून छोट्या स्क्रीनवर दिसतं."

"हां. म्हणजे एक वस्तू कमी. मग स्वस्तात पडला असेल."

"नाही, जास्त पडले."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यात जे होतं त्याला दुसरा शब्द नाही, करुणा होती. "आरसा काढायचे वेगळे पैसे घेतले त्यांनी?"

मी काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात काकांनी कॅमेरा छातीशी धरला आणि मागची स्क्रीन बंद पडली. लांब धरला, चालू झाली. परत जवळ, बंद. परत लांब. व्ह्यूफाइंडरपाशी, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीपाशी, जवळ काही आलं का ते ओळखणारा एक वेगळा छोटा सेन्सर असतो, त्याला डोळा आणि स्वेटर यातला फरक कळत नाही, काहीही जवळ आलं की मागची स्क्रीन बंद करून तो आतली स्क्रीन चालू करतो, म्हणजे कॅमेरा गळ्यात लटकवून हिंडलात तर बॅटरी जाळून तुमच्या पोटाला फोटो दाखवत बसतो. हे मी समजावणार होतो पण काका चौथ्या वेळी मागेपुढे करून बाजूच्यांना सांगत होते, "हा मला घाबरतो."

मग मी चूक केली. ७०-२०० लावायची म्हणून तिथेच लेन्स काढली. आता जुन्या कॅमेऱ्यात लेन्स काढली की समोर आरसा, त्यामागे शटर, म्हणजे उघडझाप करणारा पडदा, सेन्सर पार आत दडलेला. या माझ्या बॉडीत समोर थेट सेन्सरच, उघडा, चकचकीत, पाण्यावर तेल सांडावं तसा रंगीत. काका वाकले. "आरसा नाही म्हणता, आणि हा काय मग? धूळ पण बसलीय." आणि गाल फुगवले.

मी आयुष्यात इतक्या चपळाईने हललेलो नाही. कॅमेरा मागे ओढला, फुंकर माझ्या मनगटावर बसली. फुंकर कोरडी नव्हती एवढंच सांगतो. त्यावर काकांनी खिशातून रुमाल काढला.

लेन्सवरून आठवलं, जरा विषयांतर करतो. लोकांना वाटतं मिररलेस म्हणजे सगळंच हलकं. आरसा काढला तरी प्रकाशाचे नियम तेच राहतात ना. २०० एमएमला, म्हणजे लांबचं जवळ आणताना, एफ २.८ पाहिजे, म्हणजे भरपूर उजेड आत यायला हवा, तर २०० भागिले २.८, म्हणजे साधारण ७१ मिलिमीटरचं भोक लागणारच, आणि तेवढी काच आली की वजन आलं. नव्या लेन्सा काही हलक्या निघाल्यात, पण त्या घ्यायच्या तर मला किडनी सोडून अजून काहीतरी विकावं लागेल. म्हणून जुन्याच लेन्सा अडॅप्टरवर चालवतोय. अडॅप्टर काय असतो माहितीये? जुन्या बॉडीत आरशाला हलायला जागा लागायची म्हणून लेन्सच्या बैठकीपासून सेन्सर ४४-४६ मिलिमीटर लांब, नव्यात तो १६ ते २० वर आला. मधलं अडीच-तीन सेंटिमीटर अंतर भरून काढायला एक पोकळ नळी. आत काच नाही, काहीच नाही. मी पैसे मोजून हवा विकत घेतलीये. शिवाय माझ्या जुन्या ५० एमएमला स्वतःची मोटर नाही, जुनी बॉडी तिचा फोकस फिरवायची, ते काम ही नळी करत नाही. ती आता हाताने फिरवायची. माझ्या चष्म्याने.

आणि बॅटरी! आरशातून बघायला वीज लागत नव्हती, इथे कॅमेरा चालू असेपर्यंत सेन्सर आणि स्क्रीन जागेच. जुनी बॅटरी कागदावर हजाराच्या वर फोटो काढायची, हिची कागदावरची मजल साडेतीनशे. म्हणून दोन जास्तीच्या घेतल्या. काल रात्री चिडून सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. जुनी बॉडी ९८० ग्रॅमची होती, नवीन ६८०. तीनशे वाचले. त्यात अडॅप्टर १३०, दोन बॅटऱ्या प्रत्येकी ८०. म्हणजे एवढा सगळा खटाटोप करून माझ्या खांद्यावरून एकूण दहा ग्रॅम उतरले.

असो. ग्रुप फोटो. तीन रांगा लावल्या, मुलं खाली बसवली, काका मधल्या खुर्चीत. "चला, इकडे बघा," म्हणून चार फोटो काढले. सगळे तसेच, ताठ, हसत. पाच सेकंद, दहा सेकंद. हसू हळूहळू ओघळायला लागलं.

"काढा की," काका दातातून म्हणाले.

"काढले काका. चार झाले."

"कधी? आवाज कुठाय?"

परवा एका गाण्याच्या कार्यक्रमात सायलेंट मोडवर ठेवला होता, तो तसाच राहिला होता. "आवाज बंद आहे काका, पण फोटो निघतात."

"आवाज बंद? मग आम्हाला कळायचं कसं?"

"कळायची गरज नाही ना, तुम्ही फक्त बघत राहा."

"असं कसं? जावईबापू, मी पोट आत ओढून धरलंय. आवाज झाला की सोडतो. साठ वर्षं असंच करतोय. तुम्ही सांगा, सोडू कधी?"

मागच्या रांगेतून तीन-चार पुरुषांनी लगेच 'बरोबर आहे' म्हणून दुजोरा दिला. मला आजवर हे माहीतच नव्हतं की शटरच्या आवाजावर एवढी पोटं अवलंबून आहेत. मी मेनूत शिरलो. या मेनूत पानांवर पानं, आणि सायलेंटचा पर्याय ज्या पानावर परवा होता तिथे आज नव्हता, शपथेवर सांगतो. ३२ माणसं बघतायत, मुलं उठायला लागली, बॅटरीची शेवटची रेघ लाल झालेली.

"राहू द्या," काका म्हणाले. "तुम्ही तोंडाने करा."

मी बायकोकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

"क्लिक," मी म्हणालो.

"हे काय, पेनाचं टोपण उघडल्यासारखं! तुमच्या त्या मोठ्याचा कसा भरदार यायचा."

"खट."

"अजून. शेवटी जरा ओढा."

"खटॅक!"

"हां! आता कसं!" आणि हॉलभर समाधानाचा एक सुस्कारा, म्हणजे पोटं सुटल्याचा. मग काय, दर फोटोला बटण दाबायचं आणि ओरडायचं. सातव्यापासून पुढे बसलेला एक पाच वर्षांचा मुलगा माझ्या आधीच 'खटॅक' करायला लागला, त्यामुळे लोक चुकीच्या वेळी ढिले पडायचे आणि काका त्याला दटावायचे, "तू नाही रे, कॅमेरा तो आहे." बोट माझ्याकडे.

हे सगळं हसून विसरलो असतो. पण घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर फोटो उघडले तर पंधराच्या पंधरा फोटोंवर आडवे पट्टे. एक उजळ, एक काळपट, झेब्रा क्रॉसिंगसारखे. हॉलमध्ये एलईडी दिवे, ते डोळ्याला दिसत नाही इतक्या वेगाने लुकलुकतात, आणि सायलेंटमध्ये शटर न हलवता सेन्सर चित्र एकदम न घेता ओळीओळीने वाचतो, म्हणून काही ओळींना उजेड जास्त, काहींना कमी. खरं शटर वापरलं असतं, म्हणजे खरा 'खटॅक' झाला असता, तर पट्टे बहुतेक आलेच नसते. म्हणजे काका बरोबर होते. कारण चुकीचं होतं, पोटाचं होतं, पण आवाज हवाच होता.

फॅमिली ग्रुपवर तोपर्यंत काकांच्या नातीने मोबाईलवर काढलेला फोटो येऊन पडला होता. स्वच्छ, लख्ख, एकही पट्टा नाही. मोबाईलने आवाजपण केला असणार, खोटा का होईना. त्याला ४१ बदाम. त्यात एक माझ्या बायकोचा.

मघाशी काकांचा फोन आला. "जावईबापू, फोटो नाही आले अजून. मला तेव्हाच शंका होती, निघालेच नसणार."

"निघालेत काका, जरा प्रोसेसिंग चालू आहे," मी म्हणालो. ते खोटं नाही, दोन रात्री तेच करतोय. सगळ्यात दाट पट्टा नेमका काकांच्या पोटावरून जातो. पोट मात्र सगळ्या अकरा खटॅकांत एकदम आत आहे.