संपात वॉर्ड एकत्र का करावे लागतात?

नमस्कार. नर्सेसच्या संपात वॉर्ड एकत्र करणं, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलणं म्हणजे प्रशासनाने हात वर करणं, असं तुमचं म्हणणं. नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि बाहेरच्या रोजंदारी नर्सेस लावा, नाहीतर मेस्मा (अत्यावश्यक सेवेतल्या संपाला बंदी घालणारा राज्याचा कायदा) लावा, असंही तुम्ही सुचवलंय. तारीख मिळालेल्या रुग्णाचे हाल होतात, हे खरंच. पण हिशेब बघा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका लागते. असे ८ रुग्ण असले तर तीन पाळ्यांना २४ जणी, ३० टक्के रजा-राखीव धरून ३१. बारा तासांच्या दोन पाळ्या केल्या की १६ जणींत भागतं, पण किती दिवस? मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनचा संप आठवडाभर चालला. म्हणून हजर राहणाऱ्या आधी आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू), लेबर रूम, कॅज्युअल्टी आणि इमर्जन्सी ओटीला (तातडीच्या ऑपरेशन थिएटरला) द्यायच्या. उरलेल्यांना झेपतील तेवढ्याच खाटा चालू ठेवायच्या. तातडीच्या नसलेल्या भरत्या दोन-तीन दिवस आधीच थांबवाव्या लागतात, भरलेला वॉर्ड एका दिवसात रिकामा होत नाही.

विद्यार्थिनी टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी घेतील, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली) लिहितील. पण इन्सुलिन? दर मिलीला ४० युनिट असलेल्या व्हायलला (बाटलीला) लाल टोपीची सिरिंज, १०० च्या व्हायलला केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर रुग्णाला १० ऐवजी २५ युनिट जातात. वॉर्डात मुरलेली सिस्टर हे बघताक्षणी पकडते.

आणखी एक, नेहमी विसरलं जाणारं: नार्कोटिकच्या (मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामकांच्या) कपाटाची किल्ली. आदल्या दिवशीच मॉर्फिन, फेंटानिलचे अँप्यूल दोघांनी मोजून, रजिस्टरवर सह्या करून किल्लीचा ताबा हजर राहणाऱ्या सिस्टरला द्यायचा. नाहीतर रुग्ण वॉर्डात कळवळतोय आणि किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये, आझाद मैदानावर.

मेस्माने कारवाईची नोटीस निघते, रात्रपाळी भरत नाही. आणि रोजंदारी? जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या नर्सेस कंत्राटी भरतीविरुद्धच संपावर गेल्या होत्या! बाहेरच्या आणायच्याच असतील तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी तपासा, प्रत्येकीला वॉर्ड माहीत असलेली जोडीदार द्या, आणि पहिल्या पाळीत तिच्या हाती औषधाची ट्रॉली देऊ नका.