सलाईन आधी की झोपाळा?

आमच्या मेलबर्नच्या मराठी ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. पुण्याकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या थेरपी रूमसाठी पैसे जमवायचेत, म्हणजे झोपाळा, बॅलन्स बोर्ड, मोठे बॉल आणि जमिनीवर चित्रं पाडणारा प्रोजेक्टर, पोराने पाय टाकला की मासा पळतो असला. लिस्ट टाकल्या टाकल्या तिकडून उत्तर, "अरे इथे सलाईन बाहेरून आणायला लावतात आणि तुम्ही खेळणी कसली पाठवताय?"

मुद्दा अगदीच चुकीचा नाही. जानेवारी 2020 मध्ये मुंबईचं वाडिया हॉस्पिटल अनुदान अडकल्यामुळे बंद पडायची वेळ आली होती, लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे पैसे सुटले.

पण सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा नसलेल्या पोराला नुसतं "पाय उचल" म्हणून बघा. चार वेळा उचलेल आणि भोकाड पसरेल. तोच पाय मासा पकडायला कितीही वेळा उचलतं, वर घरी जायला तयार नसतं. भाजून आखडलेली बोटं घ्या नाहीतर प्लास्टर काढलेला हात, हालचाल परत परत व्हावीच लागते, तिथे खेळ हीच ट्रीटमेंट. आणि आपल्याकडे ऑपरेशनच्या रडक्या फोटोवर लाखो जमतात हो, पुढच्या कित्येक महिन्यांच्या थेरपीला कोणी शंभराची नोट काढत नाही.

इथे मेलबर्नला 1931 पासून रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलसाठी वर्गणी होते, आता ती दर गुड फ्रायडेला, फायर ब्रिगेडवाले चौकात डबे खुळखुळवतात, टीव्हीवर दिवसभर आकडा चढत असतो, हल्ली दोन कोटी डॉलरच्या वर जातो. भारीच वाटतं. फक्त इथले लोक एक विसरतात, डॉक्टर-नर्सचे पगार मुळात सरकार देतं, म्हणून वर्गणी वरच्या गोष्टींना पुरते. हेच मॉडेल जसंच्या तसं तिकडे नेलं तर प्रोजेक्टरचा बल्ब गेला की तो कपाटात, आणि दारावर देणगीदारांची पाटी तेवढी चकचकीत.

म्हणून मी म्हटलं प्रोजेक्टर कटाप करा. झोपाळा आणि बोर्ड थेरपिस्टला विचारून तिथलाच सुतार-वेल्डर करून देईल, उरलेल्यात थेरपिस्टचा दोन वर्षांचा पगार. माणसं आपल्याकडे आहेत, ऑक्युपेशनल थेरपीची (म्हणजे रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिलेली थेरपी) देशातली पहिली शाळाच 1950 मध्ये मुंबईत केईएमला निघाली, काढली कमला निंबकरांनी, आणि त्या मूळच्या अमेरिकन! पण पगारावर कोणाचं नाव कोरता येत नाही ना, त्यावरून दोघं जण फुगून बसलेत.

त्यात एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची भानगड. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे चालतात, ओसीआयवाल्याचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाचे, परदेशी धरतात, मग ट्रस्टकडे ते रजिस्ट्रेशन हवं आणि दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं हवं. आमच्यातले निम्मे ओसीआय. त्यामुळे सध्या झोपाळा राहिला बाजूला, कोणाचा पासपोर्ट कुठला याची एक्सेल शीट चालू आहे.