‘सराव नको, नुसते समजून घ्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

दहावीचा निकाल लागला आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक लांबलचक संदेश फिरू लागला. डिचोली, साखळी, वाळपई, जिथे जिथे ओळखी आहेत तिथून तो माझ्याकडे आला आणि खाली एकच प्रश्न, ‘टीचर, हें खरें?’ संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: आता एआय सगळे प्रोग्रॅम लिहितो, त्यामुळे प्रोग्रामिंग शिकणाऱ्या नवशिक्यांनी लहान लहान उदाहरणे सोडवत बसणे म्हणजे वेळेची नासाडी. चांगले व्हिडिओ बघून संकल्पना समजली की झाले. गणित कच्चे असेल किंवा शाळा मराठी माध्यमाची असेल, तर या वाटेला जाऊच नये. आणि भारी लॅपटॉप व महागडा क्लास परवडत नसेल तर विषय सोडून द्यावा.

मी गावातल्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. हा संदेश वाचून काही पालकांनी मुलांना थांबवले, म्हणून हे उत्तर.

सुरुवात व्हिडिओपासून करते, कारण हा मुद्दा सगळ्यांना पटकन पटतो. व्हिडिओत शिकवणारा लिहितो, प्रोग्रॅम चालतो, आपल्याला ओळ न् ओळ कळते. कळते हे खरेच आहे. पण दुसऱ्याने लिहिलेले कळणे आणि कोऱ्या पडद्यावर पहिली ओळ स्वतः लिहिणे, यांत फार अंतर आहे. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री कोणाला होती? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना. प्रयोग उताऱ्यांवरचा होता, प्रोग्रामिंगवरचा नव्हे, हे मान्य. पण ‘सगळे कळले’ म्हणून व्हिडिओ बंद करणारा मुलगा आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाइलसमोर अडलेला तोच मुलगा मला वर्गात नेहमी भेटतो.

व्हिडिओ वाईट नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे साधारण दहा मिनिटांचे धडे बघा. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्या पडद्यावर तुमचे काम, थांबवा आणि करून बघा, अशीच त्यांची रचना आहे. व्हिडिओ बनवणारेच हात चालवा म्हणतात, आणि संदेश म्हणतो हात बांधून बसा.

आता गणित. नवशिक्याला लागणारे गणित म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि बाकी. ‘बाकी’ फार महत्त्वाची. माझे आवडते उदाहरण: १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्तीचा दिवस, कोणता वार होता? तयार साधन वापरायचे नाही. १ जानेवारी १९६१ रविवार होता एवढेच सांगते. मग महिन्यांचे दिवस जोडत जायचे. १९ डिसेंबर हा वर्षाचा ३५३वा दिवस, म्हणजे १ जानेवारीनंतर ३५२ दिवस गेले. त्याला सातने भागले की बाकी दोन, रविवारपुढे दोन, मंगळवार. हे चौथीचे गणित आहे. पुढे ३० मे १९८७, घटकराज्याचा दिवस, असे विचारले की मध्ये लीप वर्षे येतात आणि ‘जर-तर’ची गरज मुलाला स्वतःला भासते. ती ओळ मग मला शिकवावी लागत नाही, मुले मागून घेतात. मशीन लर्निंग किंवा ग्राफिक्सला पुढे जास्त गणित लागेल, जरूर लागेल. पण म्हणून दारातूनच परत पाठवायचे हा कुठला न्याय?

मराठी माध्यमाचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. गोव्यातल्या कितीतरी गावांत सरकारी प्राथमिक शाळा मराठीच आहे. घरी कोकणी, पाटीवर मराठी, पाचवीपासून इंग्रजी, अशी मुले आपलीच आहेत. त्यांना ‘जमणार नाही’ असे सांगणाऱ्याने पायथन उघडून तरी बघावे. २००८च्या डिसेंबरमध्ये पायथन ३ आले, तेव्हापासून चलांची, म्हणजे माहिती साठवायच्या खोक्यांची, नावे देवनागरीत देता येतात. ‘भाडे’, ‘एकूण’, ‘उरलेले’ अशी नावे लिहा, प्रोग्रॅम चालतो. वापरणाऱ्याने ‘४५’ असे मराठी अंकांत टाइप केले तरी इंट हे फंक्शन त्याचा आकडा बरोबर करून देते. प्रोग्रॅमच्या आत आकडे मात्र इंग्रजीच लिहावे लागतात. इफ, फॉर, प्रिंट असे शब्दही इंग्रजीच राहतात, पण ते मूठभर आहेत, आणि क्रिकेटचे एवढे इंग्रजी शब्द पचवणाऱ्या पोरांना ते जड नाहीत.

शिवाय मराठी येणे इथे सरळ उपयोगी पडते. उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखा, हे जगभर नवशिक्यांना दिले जाणारे उदाहरण. आमच्या वर्गात मुलांनी ‘नयन’ दिला, ‘कडक’ दिला, प्रोग्रॅम म्हणाला ‘ट्रू’, म्हणजे बरोबर. मग एकीने लहानपणापासून पाठ असलेले ‘रामाला भाला मारा’ दिले. उत्तर ‘फॉल्स’, चूक. “टीचर, हो फटी मारता!” म्हणजे हा खोटे बोलतो. पहिला संशय मोकळ्या जागांवर गेला आणि तो बरोबर होता. जागा काढल्या. तरीही ‘फॉल्स’. मग मी म्हटले, उलटे केलेले छापून बघा. पडद्यावर सुरुवातीलाच टिंबांच्या वर्तुळाला चिकटलेला एकटा काना आला आणि अगदी शेवटी काना हरवलेला ‘र’. लांबी मोजली तर १४. डोळ्यांना दिसणारी अक्षरे सात.

तिथे वर्ग थांबला आणि खरे शिकणे सुरू झाले. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरांना जे क्रमांक देतो त्या पद्धतीत, ‘र’ वेगळा आणि काना वेगळा साठवला जातो. ‘क’चा क्रमांक २३२५, काना त्याहून निराळा. अक्षरशः उलटे केले की काना आपल्या व्यंजनाच्या आधी येऊन पडतो. मुलांनी उपाय काढला तो असा: एक एक खूण घेत जायची, ती मात्रा असेल तर मागच्या व्यंजनाला जोडायची, अशी यादी करायची आणि मग यादी उलटी करायची. ‘ट्रू’ आले तेव्हा वर्गात जो गलका झाला तो कुठल्याही व्हिडिओने झाला नसता. नंतर कुणी अनुस्वाराचे ‘फोंडा’ दिले, कुणी जोडाक्षर असलेला शब्द दिला आणि यादी पुन्हा बिघडली. पुढच्या रविवारचे काम तयार.

याच उदाहरणाने एआयच्या मुद्द्याकडे येते. संदेशात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांचा दाखला आहे. २०२४च्या फेब्रुवारीत दुबईत ते बोलले की कुणालाही प्रोग्रामिंग करावे लागू नये असे तंत्रज्ञान घडवणे हे आपले काम आहे. बोलले, यात वाद नाही. पण ते एका दिशेबद्दल बोलले, आणि त्यांची कंपनी एआयला लागणाऱ्या चिप विकते हेही वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. कोवळ्या मुलाने उदाहरणे सोडवू नयेत असा अर्थ त्यातून ओढून काढणे संदेश लिहिणाऱ्याचे काम.

एआय प्रोग्रॅम लिहितो, पुष्कळदा छान लिहितो. मीही वापरते. पण उलटसुलट शब्दांचा जो प्रोग्रॅम ‘नयन’ला बरोबर उत्तर देतो, तो ‘रामाला भाला मारा’ला चुकेल हे तपासायचे कुणाला सुचेल? ज्याने तो एकदा स्वतः लिहून चुकताना पाहिला त्याला. गोव्याच्या बारा तालुक्यांची यादी केली आणि १२ क्रमांकाचा मागितला की पायथन ‘इंडेक्सएरर’, म्हणजे त्या क्रमांकावर काही नाही अशी तक्रार, देतो, कारण मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा धारबांदोडा अकराव्या क्रमांकावर बसलेला असतो. ही चूक हाताने केलेल्या मुलाला दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली तशीच चूक लांबून दिसते. न केलेल्याला एआयने काय दिले हे वाचताही येत नाही, मग ते बरोबर की चूक हे ठरवणे दूरच. माझ्या वर्गात नियम साधा आहे: आधी स्वतः लिहा, अडला तर पायथन चूक दाखवताना जे लिहितो ते मोठ्याने वाचा, तरी अडला तर एआयला ‘का अडले’ विचारा, ‘लिहून दे’ म्हणू नका.

एका बाबतीत संदेशाशी माझे थोडे जमते. सरावाच्या नावाखाली काही ठिकाणी तारकांचे त्रिकोण छापायला लावतात, आज सरळ, उद्या उलटा, परवा पोकळ. पोरे कंटाळतात, आणि कंटाळावेच. उदाहरण असे हवे की उत्तराची मुलाला स्वतःला उत्सुकता असेल. कदंब बसच्या फेऱ्यांच्या वेळा, गावच्या भजनी सप्ताहातल्या पारांची वाटणी, काजूच्या बियांचा हिशेब, विषयांना आपल्याकडे तोटा नाही.

लॅपटॉपचा मुद्दा दोन ओळींत संपतो. पायथन फुकट आहे. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड हे पायथनचे अॅप घाला, ते नेटवर्क नसतानाही चालते, आणि सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत ही मोठी सोय आहे. फोनवर टाइप करणे त्रासाचे, हे खरे. पण शाळांमध्ये संगणक आहेत. गोवा सरकारच्या केअर्स या कोडिंग-रोबोटिक्स शिक्षणाच्या योजनेतून सहावी ते आठवीपर्यंत कोडिंग वर्गात आलेच आहे, तिथल्या यंत्रांवर तासानंतर बसू द्या एवढे पालकांनी शाळेकडे मागावे. सरावासाठी एक्झरसिझम हे संकेतस्थळ २०१३पासून फुकट आहे: प्रत्येक उदाहरणाबरोबर तपासण्या येतात आणि तुमचे उत्तर कुठे चुकले ते दाखवतात.

आणि क्लास लावायचाच असेल, तर फी विचारण्याआधी एक गोष्ट विचारा: तासातला किती वेळ मुलाचे हात कीबोर्डवर असतात? उत्तर टाळले गेले, किंवा ‘आधी थिअरी पूर्ण करतो’ असे आले, तर पैसे घरीच ठेवा आणि मुलाला आजच १९ डिसेंबर १९६१चा वार काढायला बसवा.